यजमान बसत नाही

आमच्याकडे स्लावाला कुणी कुणाला बोलवत नाही. घराण्याचा जो संत असेल त्याचा हा दिवस. वर्षातून एकदा येतो, कुणाचा कधी ते साऱ्या गावाला पाठ असतं, आणि ज्याला यायचं तो येतो. बोलावणं धाडलंत तर लोक तोंडावर हसतात. या नियमाला मी बेचाळीस वर्षं शिव्या घातल्या आहेत. वीस माणसं येणार की साठ, ते त्या संतालाच ठाऊक, आणि रांधायचं मात्र मी. एके वर्षी सूप कमी पडलं, तर सासूबाईंनी ते मरेपर्यंत ऐकवलं, आणि त्या चांगल्या एक्याण्णव वर्षांच्या होऊन गेल्या.

यंदा मात्र कुणाला तरी हाताला धरून ओढून आणता आलं असतं तर बरं, असं मला दहा वेळा वाटलं.

माझा नवरा रादिसाव मार्चमध्ये गेला. ट्रॅक्टर धुता धुता गेला. ट्रॅक्टर अर्धाच धुतलेला राहिला. कुठलंही काम पुरं न करायची सवय त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली, आणि एकेचाळिसाव्या दिवशी माझा धाकटा दीर झिवोयिन समोरच्या घरातून रस्ता ओलांडून आला. टोपी हातात, चेहरा असा की याच्यासारखा दुःखी दुसरा कोणी नाही.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नकोस," तो म्हणाला, "पण संत जॉर्जची तसबीर आता मला न्यावी लागेल."

"का? आमच्या भिंतीला काय झालं?"

"भिंतीला काही नाही झालं. घरात पुरुष उरला नाही. स्लावा बापाकडून मुलाकडे जाते. मुलगा नसेल तर भावाकडे. हे काय मी सांगायला हवं तुला?"

सांगायला नको होतं. मला ठाऊक होतं. सासऱ्यांनी दोन्ही मुलांना बजावलेलं, घरं दोन करा पण स्लावा एकच ठेवा, थोरल्याच्या घरी. त्यामुळे झिवोयिन बेचाळीस वर्षं आमच्या टेबलाशी येऊन जेवला. एकदाही त्याने खिमा भरायला कोबीचं पान हातात धरलं नाही, एकदाही एक बशी उचलून आत नेली नाही. आणि आता यांना यजमान व्हायचंय. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण खरं सांगते, मी त्याच्याच बाजूची होते. म्हटलं, नेऊ दे बाई ती तसबीर, नेऊ दे ते साठ लोक, मी एक वर्ष तरी पाय वर करून बसेन.

तेवढ्यात अंगणातल्या ट्रॅक्टरखालून आवाज आला, "तसबीर इथेच राहील, काका. स्लावा मी करीन."

ती माझी धाकटी, बिल्याना. थोरली व्हिएन्नाला असते, ती फोनवरून सल्ले देते, तिला सोडा. बिल्याना अडतीस वर्षांची, लग्न केलं नाही, गेली अकरा वर्षं आलुबुखाराची सगळी बाग तीच बघते. छाटणी तिची, फवारणी तिची, दारूची भट्टी तिची. रादिसाव फक्त चव घ्यायला जायचा. पण बोलायला सांगा, दिवसाला दहा वाक्यं नाही बोलणार, आणि जी बोलेल ती अशी की समोरच्याचं तोंड बंद व्हावं.

"तू?" झिवोयिन म्हणाला.

"मी."

"पोरी, यजमान म्हणजे..." त्याने हातातली टोपी फिरवली. "गावात कधी झालंय का असं?"

"आता होईल," ती म्हणाली आणि पुन्हा ट्रॅक्टरखाली गेली.

त्या संध्याकाळी मी तिच्याशी भांडले. म्हटलं, कशाला हा डोक्याला ताप? तुझ्या बापाच्या जिवावर लोक यायचे. तो गाणी म्हणायचा, लोकांच्या पाठीवर थापा मारायचा. तू लोकांकडे बघतेस तेसुद्धा झाडाला कीड लागली का बघावं तसं. लोक समोर जातील, काकाकडे, आणि आपण तीस माणसांचं रांधून एकमेकींची तोंडं बघत बसू. एकच दिवस, एकच संत, मध्ये फक्त रस्ता. लोक कुठे वळतील?

ती जेवत होती. जेवण संपवलं, ताट धुतलं, मग बोलली.

"म्हणूनच करायचीय, आई. अकरा वर्षं मी इथे राबतेय, आणि गावाला मी कोण वाटते ते मला माहीत नाही. बाबांची मुलगी, एवढंच बहुतेक. कुणी आलं तर मी या घरची धनी. कुणीच आलं नाही तर मग मला कळलं. वसंतात मी बाग विकीन आणि क्रागुयेवात्स शहरात नोकरी बघीन. तुला माझ्याबरोबर यायचं असेल तर ये, नाहीतर व्हिएन्नाला जा."

"तू माझं डोकं फिरवशील," मी म्हणाले. पण मला ठाऊक होतं, ती बोलते ते करते, हाच तर तिचा वाईट गुण आहे.

बरं, झिवोयिनही हटला नाही. मठातून नवी कोरी तसबीर आणली त्याने, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं भिंतीत खिळा ठोकत बसला. माझ्या डोळ्यांदेखत समोरच्या अंगणात बाकं आली, पिंपात कोबी आंबायला पडला. आणि त्याची बायको ल्युबिंका, जिने आयुष्यात पाच माणसांवर स्वयंपाक केला नाही, ती कुंपणापाशी येऊन मला विचारते, "स्तानोयका, कोबीच्या गुंडाळ्यांत तांदूळ किती घालतेस गं? आणि खिमा डुकराचाच की अर्धा गाईचा?"

आता हिला काय म्हणावं? आमचे पाहुणे पळवायचे आणि वर ते आमच्याच चवीने खायला घालायचे. मी काय करावं? मी सांगितलं. सगळं सांगितलं, धुरावलेली बरगडी तळाशी घालायची तेसुद्धा. खोटं सांगता आलं असतं, पण स्वयंपाकातलं खोटं माझ्या तोंडातून निघत नाही. घरात येऊन स्वतःवरच इतकी चिडले की एक बशी फोडली.

सणाआधी घरात पाणी मंत्रायला पाद्री येतात, तसे फादर गाव्रिलो आले. मी त्यांना सरळ विचारलं, "फादर, बाईने स्लावाची मेणबत्ती लावली तर चालते का?"

"चर्चची काही हरकत नाही, स्तानोयका. स्लावा घराची असते. घरात जो असेल त्याने लावावी."

"मग हे रविवारी सगळ्यांपुढे सांगा की."

ते दाढी कुरवाळत बसले. "मी सांगितलं म्हणजे मी तुमच्या वतीने बोलावणं केल्यासारखं होईल. आणि झिवोयिनच्या घरीही मला जायचंच आहे."

सगळेच शहाणे. मधल्यामध्ये माझाच जीव मेटाकुटीला.

पाहुण्याला दारातच चमचाभर द्यायचा असतो तो गहू बिल्यानाने मला शिजवू दिला नाही. यजमानाने शिजवायचा म्हणे. तिच्या बापाने कधी शिजवला होता? पण नाही. शिजवला, इतका शिजवला की दाणा दाण्यापासून वेगळा होईना. मग त्यात अक्रोड नि साखर कालवून वर क्रूस काढला, तो वाकडा. स्लावाच्या पावावर पिठाची कबुतरं चिकटवायची असतात. तिची कबुतरं बदकं दिसत होती. मी म्हटलं, "ही बदकं आहेत." ती म्हणाली, "कबुतरं आहेत." संपलं. मी पहाटे चारपासून गुंडाळ्या, सूप, भाजलेलं डुक्कर, सॅलड आणि सात तऱ्हेचे छोटे केक करत होते. तीस माणसांचं. कमी करायला हात धजेना. समजा आलेच लोक आणि कमी पडलं, तर सासूबाई कबरीतून उठून येतील.

सोळा नोव्हेंबर शनिवारी आला. सकाळी आठला फादर आले. बिल्यानाने काळी पँट, काळा कोट घातला होता, केस मागे घट्ट बांधले होते. तिने मेणबत्ती पेटवली. फादरनी प्रार्थना म्हटली, मग पाव हातात घेतला आणि तिघांनी मिळून तो फिरवला, ते, ती आणि मी. त्यावर वाईन ओतली, तो मोडला. फादरनी सूपसुद्धा घेतलं नाही. त्यांना त्या दिवशी चौदा घरं होती. जाताना रस्ता ओलांडून ते समोर शिरले.

आणि मग आम्ही वाट बघायला लागलो.

अकरा वाजता समोर पहिली गाडी लागली. मग दुसरी. बारापर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडा भरल्या, एक गाडी तर आमच्याच फाटकाला टेकून लावली होती. मी पडद्याआडून एकेकाला ओळखत होते, खोकण्यावरूनसुद्धा. कोण किती गुंडाळ्या खातं तेही मला माहीत. माणसं गाडीतून उतरायची, आमच्या फाटकाकडे बघायची, घरच्यांशी काहीतरी कुजबुजायची आणि समोर जायची. मोम्चिलो आला. माझ्या लग्नात रादिसावशेजारी साक्षीला उभा राहिलेला मोम्चिलो, माझ्या दोन्ही मुलींना ज्याने बाप्तिस्म्याला हातात धरलं तो. तो मधोमध रस्त्यात थांबला, टोपी सरळ केली, बायकोने कोपर मारलं, आणि तोही समोर गेला. त्याला तरी काही वाटायला हवं होतं.

बिल्याना टेबलाच्या टोकाशी उभी होती. आमच्यात स्लावाला यजमान दिवसभर बसत नाही, पाहुण्यांची सेवा उभ्यानेच करायची असते. रादिसाव तर उभ्याउभ्या प्यायचा आणि तिसऱ्या प्रहरी दाराच्या चौकटीला टेकून झोपायचा. ही कशालाही टेकली नव्हती. पुढ्यात तीस थाळ्या, तीस ग्लास आणि मधोमध ती मेणबत्ती.

दीड वाजता मी सूप तिसऱ्यांदा गरम केलं. दोनला बाहेर येऊन म्हणाले, "बस जरा."

"यजमान बसत नाही."

"कुणासमोर उभी आहेस? खुर्च्यांसमोर?"

तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. लहानपणी शाळेत कुणी खेळायला घेतलं नाही की घरी येऊन ती अशीच उभी राहायची, रडायची नाही, जेवायची नाही, नुसती उभी. तेव्हाही मी हेच म्हणायचे, बस जरा. कधी दुसरं काही म्हटलं नाही.

मी एप्रन सोडला, कोट चढवला, काळा रुमाल डोक्याला बांधला आणि मागच्या दाराने निघाले. रस्ता ओलांडला आणि झिवोयिनच्या घरात शिरले. मला कोण अडवणार? स्लावाला बोलावणं लागत नाही.

आत गेले तसे चमचे थांबले. ल्युबिंका गव्हाची वाटी घेऊन धावत आली. मी क्रूसाची खूण केली, एक चमचा घेतला, गिळला. झिवोयिन बाटली धरून उभा, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, तोंड लालबुंद. इतके लोक एकदम अंगावर आल्यावर यजमानपण काय असतं ते त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळत होतं. मला त्याची जरा कीवच आली, आणि कीव आली म्हणून आणखी राग आला.

"ये वहिनी," तो म्हणाला, "बस."

मी बसले नाही.

"मी कुणाला बोलवायला आले नाही," मी म्हणाले. "बोलवत नाहीत, मला माहीत आहे. एवढंच सांगते की समोर मेणबत्ती लागलीय, आणि यजमान सकाळी आठपासून उभा आहे."

कुणी वर बघेना. मोम्चिलो सुपात बघत होता, जणू त्यात काही पडलंय. त्याच्या बायकोने गुंडाळीतला तांदूळ बाजूला काढायला सुरुवात केली. शेवटी कुणीतरी कोपऱ्यातून म्हणालं, "येऊ गं, स्तानोयका, येऊ. जरा वेळाने येऊ."

"हो, हो, येऊ," आणखी दोघं-तिघं म्हणाले, आणि कुणी जागचं हललं नाही. मी त्यांचे चेहरे बघितले. वाईट माणसं नाहीत ती, माझ्या नवऱ्याच्या शवपेटीला खांदा दिलेली माणसं आहेत. त्यांना फक्त पहिलं व्हायचं नव्हतं. दुसरं, तिसरं, दहावं कुणीही झालं असतं. झिवोयिनच्या डोळ्यांसमोर पहिलं उठून रस्ता कुणी ओलांडायचा, एवढ्यावरच सगळं अडलं होतं. भित्रे मेले, असं मनात म्हणत मी बाहेर पडले.

आणि रस्त्यात मधोमध आले तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली. या लोकांना मी शिव्या घालतेय, आणि मी काय केलं? सकाळपासून माझी लेक तिथे उभी होती आणि मी तिला काय म्हणाले? सूप आटतंय. कबुतरं बदकं झालीत. बस जरा. स्लावाच्या दिवशी यजमानाला जे म्हणायचं असतं ते सकाळपासून एका माणसानेही तिला म्हटलं नव्हतं, आणि त्या माणसांत पहिली मी होते. फादर तर कामावर होते, त्यांचं धरत नाहीत. मीही आतून हेच धरून चालले होते की हिचं हे खूळ आहे, उद्या उतरेल. मला वाटतं तिला ते माहीत होतं.

मी मागच्या दाराकडे वळले होते, पाय सवयीने तिकडेच जात होते. थांबले. परत फिरून फाटकातून आत आले, पुढच्या दाराच्या पायऱ्या चढले. बेचाळीस वर्षांत स्लावाच्या दिवशी मी त्या पायऱ्या कधी चढले नव्हते. त्या पाहुण्यांच्या, माझं दार स्वयंपाकघराचं. रुमाल नीट केला. झिवोयिनच्या खिडकीत माणसं येऊन उभी राहिलीत हे मला पाठीला जाणवत होतं. बघू दे. दार ठोठावलं.

आत पावलांचा आवाज आला, घाईचा. तिने दार उघडलं तेव्हा हातात गव्हाचा ट्रे होता, पाठ ताठ, आणि चेहऱ्यावर पाहुण्यांसाठी ठेवलेलं ते हसू, जे तिला जमत नाही. मला बघून ते विझलं.

"मागचं दार लागलं का गं?" ती म्हणाली.

"स्लावा सुखाची जावो, यजमान," मी म्हणाले.

ट्रेमधले चमचे एकमेकांवर वाजायला लागले. मला वाटलं आता ही म्हणेल, आई, काय हे, आत ये. म्हणाली असती तर मी मोडून पडले असते. पण ती माझी लेक आहे. तिने ट्रे घट्ट धरला, वर केला, माझ्यासमोर धरला.

"लाभो," ती म्हणाली. "आत या. संताच्या नावाने घ्या."

मी क्रूसाची खूण केली, चमचाभर गहू घेतला. लगदाच झाला होता त्याचा, पण गोड होता. मी दुसरा चमचाही घेतला. पाहुण्याने एकच घ्यायचा असतो.

तिने माझा कोट काढून घेतला, खुंटीला लावला. मला टेबलाशी नेलं आणि उजव्या हाताची पहिली खुर्ची ओढून दिली, मोम्चिलोची. मी बसले. बेचाळीस वर्षांत स्लावाला पहिल्यांदाच त्या टेबलाशी बसले, आणि बसल्यावर कळलं की पाय किती दुखतायत. तिने छोट्या ग्लासात दारू ओतली, स्वतःच्या भट्टीची. मी पीत नाही. पहिला ग्लास हातात घेऊन पाहुण्याने घराला चार शब्द द्यायचे असतात, रादिसावचे मित्र त्यासाठी अर्धा अर्धा तास घ्यायचे, आणि आत माझे पदार्थ गार व्हायचे.

"मला ते लांबण लावता येत नाही," मी म्हणाले. "या घराच्या यजमानाला आयुष्य लाभो. तिच्या बागेला गारपीट न लागो. आणि कुणी आलं नाही तर विकीन म्हणाली होतीस ना? मी आले. आता विकून दाखव."

दारू घशाला आग लावत खाली गेली. मी खोकले, डोळ्यांत पाणी आलं, ते कशाचं होतं ते मला सांगायचं नाही.

बिल्याना उभीच होती. तिने ग्लास पुन्हा भरला, बाटली जागेवर ठेवली.

"सूप आणते," ती म्हणाली आणि आत गेली, आणि बराच वेळ आलीच नाही. आतून नळाचा आवाज येत होता, नुसता नळाचा, भांड्यांचा नाही. मला उठून जावंसं वाटत होतं, पाय शिवशिवत होते. पण मी बसून राहिले. पाहुण्याने दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जायचं नसतं.